महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि शैक्षणिक कर्ज : अर्ज करण्याआधी काय समजून घ्यावे? (पुणे)

जुना कारकून (धागाकर्ता)

बारावीचा आणि सीईटीचा निकाल हाती आला की घरात पहिली चर्चा होते शाखेची, दुसरी महाविद्यालयाची, आणि पैशांचा विषय निघतो तो प्रवेश निश्चित करण्याच्या आदल्या संध्याकाळी. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मी निवृत्तीपर्यंत काम केले. तिथल्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, योजना नाहीत म्हणून जेवढी मुले अडतात त्याहून अधिक मुले कोणती योजना नेमके कशाचे पैसे देते आणि ते केव्हा देते हे वेळेवर न समजल्यामुळे अडतात. प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी भर घालावी ही विनंती.

सुरुवात योजनांच्या नावांपासून करू नका, महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकापासून करा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यात शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क वेगळे दाखवलेले असते, आणि त्याखेरीज परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, बस असे खर्च येतात. शासनाच्या बहुतेक शुल्कयोजना शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क यांपुरत्याच असतात. समजा एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शिकवणी शुल्क 1,20,000 रुपये, विकास शुल्क 12,000 रुपये आणि इतर शुल्क 6,000 रुपये आहे, म्हणजे एकूण 1,38,000 रुपये. खुल्या प्रवर्गातील ज्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते, त्याला शिकवणी शुल्काच्या निम्मे म्हणजे 60,000 रुपये मिळतील आणि 78,000 रुपये घरातून भरावे लागतील. 'अर्धी फी माफ' असे ऐकून जो पालक 69,000 रुपयांची तयारी करून येतो, त्याला खिडकीसमोर उभे राहून उरलेल्या 9,000 रुपयांसाठी फोन लावावे लागतात. हे दृश्य मी फार वेळा पाहिले आहे आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

मुलींच्या बाबतीत चित्र आता बरेच बदलले आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (शासनामार्फत गुणवत्तेनुसार जागा देणारी 'कॅप') व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, शिकवणी आणि परीक्षा शुल्काचा लाभ निम्म्याऐवजी पूर्ण मिळतो. वरच्याच उदाहरणात अशा मुलीच्या घरातून 1,38,000 ऐवजी 18,000 रुपये जातात. हा फरक इतका मोठा आहे की, पैशांअभावी मुलीला अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राऐवजी दुसरीकडे वळवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने हा हिशेब आधी कागदावर मांडावा. लाभ शिकवणी आणि परीक्षा शुल्कापुरता आहे, विकास शुल्क त्यात नाही, हे मात्र येथेही लक्षात ठेवावे.

व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला या योजना लागू होत नाहीत. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही राज्याची ही शुल्क शिष्यवृत्ती सहसा लागू नसते. पुण्यात अशी विद्यापीठे पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या कार्यालयात स्पष्ट विचारावे आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

वारज्याचा रिक्षावाला

कारकून काका, नमस्कार. मी रिक्षा चालवतो आणि पत्नी शिवणकाम करते. आम्ही खुल्या प्रवर्गातले. मुलाला केंद्रीभूत प्रक्रियेतून मेकॅनिकलला जागा मिळण्याची शक्यता आहे. आमच्या ओळखीतले सगळे सांगतात की, जातीचा दाखला नसेल तर शिष्यवृत्ती मिळत नाही आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढायला आता उशीर झाला आहे. हे खरे आहे का?

जुना कारकून

दादा, हे खरे नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र हे मुख्यतः त्या 10 टक्के आरक्षणातील जागेसाठी लागते. त्यात उत्पन्नाबरोबर शेतजमीन, घर, भूखंड यांच्याही मर्यादा असतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी मालमत्तेची अशी अट नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्याचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाचे पत्र हे तिचे मुख्य कागद. तुमचा मुलगा खुल्या जागेवर प्रवेश घेऊनही या योजनेत बसतो. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो आणि मध्ये शिक्षणात दोन वर्षे किंवा त्याहून अधिक खंड नसावा, एवढे तपासून घ्या.

उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. वारजे हवेली तालुक्याच्या बाजूला येते, पण कार्यक्षेत्राचे बदल होत असतात, म्हणून अर्ज भरताना गाव व तालुका नीट निवडा. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षी शाळेसाठी काढलेला दाखला चालणार नाही. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड, वीजबिल, तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र तयार ठेवा. पत्नीचे शिवणकामाचे उत्पन्नही त्यात धरून सांगा, कारण दाखला कुटुंबाचा असतो.

आणखी एक गोष्ट. शिकवणी शुल्क माफी योजना, जिला मुले 'टीएफडब्ल्यूएस' म्हणतात, ती शिष्यवृत्तीपेक्षा वेगळी आहे. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना गुणवत्तेनुसार मिळतात आणि त्या जागेवर शिकवणी शुल्क आकारलेच जात नाही. पर्याय भरताना या जागांचे संकेतांक स्वतंत्र असतात. मुलाचे गुण चांगले असतील तर ते संकेतांक यादीत वर लिहावेत. मात्र एकदा ही जागा घेतली की महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही, हे मुलाला आधी समजावून सांगा.

कोथरूडची आई

आमचा प्रश्न उलट आहे. आम्ही इतर मागास वर्गातील आहोत, मुलीकडे नॉन क्रिमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र आहे, जात वैधताही झाली आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या थोडे वर जाते. नॉन क्रिमीलेयरची मर्यादा 8 लाख आहे आणि ते प्रमाणपत्र आम्हाला मिळाले, म्हणजे मुलीला पूर्ण शुल्कमाफी मिळेल असे आम्ही गृहीत धरले आहे. ते बरोबर आहे ना?

जुना कारकून

ताई, उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण प्रवेशाआधी कळलेले बरे. दोन्ही ठिकाणी आकडा 8 लाखच दिसतो, परंतु मोजण्याची रीत वेगळी आहे. नॉन क्रिमीलेयर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न त्या 8 लाखांत मिळवले जात नाही. तिथे आई-वडिलांचे पद आणि इतर मार्गांनी होणारे उत्पन्न पाहिले जाते. शुल्क शिष्यवृत्तीसाठी मात्र तहसीलदारांच्या दाखल्यावरचे कुटुंबाचे सर्व मार्गांनी होणारे एकूण उत्पन्न धरतात आणि त्यात दोघांचाही पगार येतो. त्यामुळे मुलीला इतर मागास वर्गाच्या राखीव जागेवर प्रवेश मिळेल, पण 9 लाखांवर उत्पन्न असल्यास शुल्कमाफी मिळणार नाही. करपात्र उत्पन्न वजावटीनंतर 8 लाखांच्या आत येते, असा मुद्दा काही पालक मांडतात. दाखल्यासाठी वजावटीपूर्वीचे एकूण उत्पन्नच पाहतात, म्हणून फॉर्म 16 म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या पगार व करकपातीच्या प्रमाणपत्रावरील वजावटीपूर्वीची रक्कम पाहून हिशेब करा.

ज्या घरांचे उत्पन्न या रेषेच्या किंचित वर आहे, त्यांचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो, कारण त्यांच्यासाठी शासकीय मदत एकदम शून्यावर येते आणि 1,38,000 रुपये दरवर्षी उभे करणे त्यांनाही सोपे नसते. तुम्ही शैक्षणिक कर्ज आणि खासगी विश्वस्त संस्थांच्या शिष्यवृत्त्या यांचा विचार आतापासून सुरू करा.

हिशेबनीस

कर्जाचा विषय निघाला आहे, म्हणून त्यावर लिहितो. मी बँकेत कर्ज विभागात आहे. माझ्या बँकेचे नाव येथे घेत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते बहुतेक सरकारी बँकांना लागू पडते.

आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. 4 लाखांच्या वर देशातील शिक्षणासाठी 5 टक्के हिस्सा स्वतःचा असतो, आणि 7.5 लाखांच्या वर साधारणतः तारण मागितले जाते. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते, आणि ही बाब अनेक घरांत कोणी समजावून सांगत नाही.

ढोबळ हिशेब असा. दरवर्षी 1 लाख याप्रमाणे चार वर्षांत 4 लाख उचलले आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचे 50,000, दुसऱ्यावर 40,000, तिसऱ्यावर 30,000 आणि चौथ्यावर 20,000 असे साधे व्याजच 1,40,000 रुपये होते. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज 4 लाखांचे नसून 5,40,000 रुपयांचे असते. ज्या घराला शक्य आहे त्याने शिक्षण चालू असतानाच दरमहा फक्त व्याज भरत जावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला 833 रुपयांच्या आसपास पडते, आणि काही बँका असे व्याज नियमित भरणाऱ्यांना दरात थोडी सूटही देतात.

केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तिच्यात तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि इतर कोणती शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात 3 टक्के सूट आहे. 4.5 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या काळातील पूर्ण व्याज भरणारी केंद्राची योजना आधीपासून आहे. कोथरूडच्या ताईंना व्याजाची सूट मिळणार नाही, पण मुलीची संस्था त्या यादीत असेल तर तारणाशिवाय कर्जाची वाट मोकळी राहील. संस्थेचे नाव यादीत आहे का, हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर पाहता येते. जुनी करप्रणाली निवडली असेल तर भरलेल्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते.

कोथरूडची आई

दोघांचेही मनापासून आभार. वाईट वाटले, पण आज रात्रीच आम्ही दोघे बसून पुढच्या चार वर्षांचा हिशेब मांडतो. दरमहा व्याज भरणे आम्हाला जमेल. विश्वस्त संस्थांबद्दल कोणी माहिती देऊ शकेल का?

डेक्कनची वाचक

पुण्यातच लीला पूनावाला फाउंडेशन आहे. ही संस्था 1995 पासून आर्थिक अडचणीत असलेल्या गुणवान मुलींना अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचर्या अशा अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती देते आणि त्याबरोबर मार्गदर्शनही करते. उत्पन्नाची मर्यादा आणि गुणांची अट त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्यावी. याखेरीज ज्ञातिसंस्था, सहकारी बँका आणि वडिलांच्या कंपनीचा कामगार कल्याण निधी यांच्याकडेही चौकशी करावी. रकमा लहान असतात, पण विकास शुल्क किंवा पुस्तके त्यांतून निघू शकतात.

तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपयांची आहे. तिचीही उत्पन्नमर्यादा 8 लाख आहे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळते. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 'सक्षम' ही तशीच योजना आहे. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या 20 टक्क्यांत आलेल्या आणि 4.5 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वर्षाला 12,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. बीए, बीकॉम, बीएस्सी करणारी पुष्कळ मुले तिला पात्र असूनही अर्ज करत नाहीत, याची मला खंत वाटते. हे सर्व अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचे असतात, राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही. एका योजनेबरोबर दुसरी चालते की नाही, हे मात्र प्रत्येक योजनेच्या नियमावलीत वाचूनच ठरवावे.

परभणी ते पुणे

मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी आहे. पुण्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. आई-वडील शेतमजुरी करतात. महाविद्यालयाचे शुल्क फारसे नाही, पण येथे कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन) राहण्याचे आणि मेसचे पैसे मिळून महिन्याला जे लागतात ते घरून येणे शक्य नाही. शासकीय वसतिगृहाची यादी अजून लागायची आहे. तिथे नाव आले नाही तर काय करावे?

समाजकार्याची विद्यार्थिनी

मित्रा, तुझ्या बाबतीत शुल्क आणि राहणे-खाणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे आहेत, हे पहिल्यांदा ध्यानात घे.

शुल्कासाठी महाडीबीटीवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज कर. तिची उत्पन्नमर्यादा 2.5 लाख आहे. शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तो घरून ये-जा करणाऱ्यापेक्षा अधिक असतो. उत्पन्न 2.5 लाखांहून अधिक असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती ही निराळी योजना आहे. हे इतर वाचकांसाठी सांगत आहे, कारण मर्यादा ओलांडली म्हणजे सर्व संपले असे समजून काही घरे अर्जच करत नाहीत.

राहण्या-खाण्यासाठी शासकीय वसतिगृहाचा अर्ज तू केला आहेस, हे फार चांगले केलेस. पात्र असूनही तिथे जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना तुझ्यासारख्यांसाठीच आहे. पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. त्यांत भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000 धरलेले आहेत. विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा, ही अट तू पूर्ण करतोस. गुणांची आणि हजेरीची अट आहे, म्हणून महाविद्यालयातील हजेरी पहिल्या दिवसापासून सांभाळ. भाडेकराराची प्रत, बोनाफाइड, बँक पासबुक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेव. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना घरमालक भाडेकरार देत नाहीत, हा पुण्यातला नेहमीचा अडसर आहे. खोली ठरवतानाच करार किंवा निदान मालकाचे लेखी पत्र मिळेल का, हे विचारून मगच पैसे दे. समाजकल्याणचे सहायक आयुक्त कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. तिथे प्रत्यक्ष जाऊन चौकशी केलेली उत्तम.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच प्रकारच्या आहेत. खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि ती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीबरोबर घेता येते.

स्वाधारचे पैसे हाती पडेपर्यंत बरेच महिने जातात आणि मेसचे पैसे तर दरमहा द्यावे लागतात. तोपर्यंतच्या काळासाठी दोन ठिकाणी नक्की जा. पहिले तुझ्याच महाविद्यालयातील विद्यार्थी विकास मंडळ, कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना संलग्न महाविद्यालयांतून चालते. त्यात ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज काही तास काम करून मानधन मिळते. दुसरे ठिकाण विद्यार्थी साहाय्यक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये स्थापन केलेली ही संस्था ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरजू मुलामुलींची अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करते. तिथे जागा मर्यादित असतात आणि मुलाखत होते, म्हणून उशीर करू नकोस.

परभणी ते पुणे

ताई, खूप आभार. खोलीच्या मालकांशी उद्याच बोलतो. विद्यार्थी साहाय्यक समितीविषयी मला काहीच माहीत नव्हते.

पासबुक

अर्ज मंजूर होऊनही पैसे खात्यात न येण्याचे जे सर्वांत सामान्य कारण मी पाहतो, ते येथे सांगणे आवश्यक वाटते. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि शासनाच्या थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खाते आधारशी मॅप झालेले असणे या दोन भिन्न बाबी आहेत. केवायसीसाठी तुम्ही तीन बँकांत आधार दिला असेल, पण थेट लाभाचे पैसे एनपीसीआय या बँकांमधील देयक व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत असलेल्या एकाच खात्यात जातात, आणि ते सहसा सर्वांत शेवटी संमती दिलेले खाते असते. मोबाइलचे सिमकार्ड घेताना किंवा एखादे ॲप सुरू करताना नकळत पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते आणि विद्यार्थी मात्र पासबुक भरून आणून रक्कम शोधत बसतो.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावे. तिथे बँकेचे नाव आणि ते चालू आहे की नाही, एवढे दिसते. ते खाते नको असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरावा आणि काही दिवसांनी पुन्हा स्थिती तपासावी. शून्य शिल्लक असलेली जुनी विद्यार्थी खाती व्यवहार न झाल्याने निष्क्रिय होतात, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

जुना कारकून

पासबुक यांनी लिहिलेले प्रत्येकाने करून पाहावे. आता महाडीबीटीवरील अर्जाबद्दल लिहितो, कारण महाविद्यालयाच्या लॉगिनमधून अर्ज परत पाठवण्याचे काम मी केले आहे आणि तो कशामुळे परत जातो हे मला जवळून माहीत आहे.

अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे येतो, तिथून संबंधित विभागाकडे जातो. दोन्ही ठिकाणांहून तो 'सेंड बॅक' होऊ शकतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही, तर तो तसाच पडून राहतो आणि वर्ष जाते. संदेश येईलच अशा भरवशावर न राहता आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती पाहावी.

नावाची तफावत हे एक मोठे कारण आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते, तर आधारवर स्वतःचे नाव आधी असते. नुसत्या क्रमाचा फरक बहुधा चालवून घेतला जातो. परंतु एका ठिकाणी वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त आद्याक्षर असेल, किंवा आडनावाच्या अक्षरांत फरक असेल, तर अर्ज परत येण्याची शक्यता राहते. आधार प्रवेशाआधीच दुरुस्त करून घ्यावे.

दुसरे कारण 'चालू अभ्यासक्रम' या पानावर दडलेले असते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला आहे का, असा प्रश्न तिथे असतो. घाईत 'नाही' निवडले गेले की पात्र योजनाच यादीत दिसत नाही आणि पालक समजतात की मुलाला काही लागू नाही. योजना दिसत नसेल तर आधी प्रोफाइल पुन्हा वाचावे : प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम, प्रवेशाचा प्रकार, अधिवास. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यावर बारकोडखाली छापलेला क्रमांक टंकताना एक अंक चुकला, तरी दाखल्याची पडताळणी होत नाही. दाखल्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून समोर ठेवावा आणि अंकन् अंक ताडून पाहावा.

शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मागावी लागते. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो, आणि पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे आपोआप मिळेल या समजुतीने दुसऱ्या वर्षी लाभ गमावणारी मुले दरसाल असतात.

सिंहगड रस्ता

आमच्या मुलीला पूर्ण शुल्कमाफी लागू आहे, तरीही महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी सर्व शुल्क भरा, शासनाचे पैसे आल्यावर परत देऊ, असे सांगितले. महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही. आम्ही सोने गहाण ठेवून पैसे भरले. हे योग्य आहे का आणि आता काय करता येईल?

जुना कारकून

हे योग्य नाही. पात्र विद्यार्थ्याकडून शासनाच्या वाट्याची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशाच शासनाच्या सूचना आहेत. शासनाकडून प्रतिपूर्ती उशिरा येते आणि त्यामुळे महाविद्यालयांची पगाराची ओढाताण होते, ही गोष्ट खरी आहे आणि मी ती आतून पाहिली आहे. तथापि त्या उशिराचा भार मुलीच्या आईच्या दागिन्यांवर टाकणे मला कोणत्याही कारणाने मान्य होत नाही.

प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात प्रवेशपत्राचा क्रमांक, भरलेली रक्कम, पावतीचा क्रमांक, 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाचा उल्लेख आणि शासनाच्या वाट्याची रक्कम परत मिळण्याची विनंती लिहा. सोबत महाडीबीटीवरील अर्जाची प्रत लावा आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. उत्तर आले नाही तर त्याच अर्जाची प्रत शिवाजीनगर येथील तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात द्या, आणि ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा अधिक आकारणी झाली असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करा. तोंडी भांडण टाळा. मुलीला तिथे आणखी तीन वर्षे काढायची आहेत, आणि पोच घेतलेला शांत अर्ज कार्यालयात अधिक दूरवर जातो.

वारज्याचा रिक्षावाला

काका, एक शेवटची शंका. थोरल्या मुलीने पदविकेला ही शिष्यवृत्ती घेतली होती. आता हा मुलगा दुसरा. धाकटी आठवीत आहे. मग धाकटीच्या वेळी काय?

जुना कारकून

शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी मुलगी आणि मुलगा ही तुमची दोन अपत्ये धरली जातील, त्यामुळे धाकटीसाठी त्या योजनेवर विसंबू नका. तिला शिकवणी शुल्क माफीच्या 5 टक्के जागेसाठी गुणांच्या बळावर प्रयत्न करता येईल. शासकीय तंत्रनिकेतन किंवा शासकीय महाविद्यालयाचे कमी शुल्क हाही मार्ग आहे. 'प्रगती'ची अट कुटुंबातील दोन मुलींची आहे, त्यामुळे त्या वेळचे नियम हेच राहिले तर ती वाट तिला उघडी असेल. सध्या मुलाचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून घ्या. प्रवेश सुरू झाले की सेतू केंद्रांत रांगा वाढतात आणि दाखला मिळायला वेळ लागतो.